डाइसवर मार्टिंगेल, १४ स्टेप्स आणि रूममेटचा प्रस्ताव: आकडेमोडीसकट उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कर्वेनगरला रूम करून राहतोस. रूममेट गेले ३ आठवडे एका क्रिप्टो डाइस साइटवर ऑटो-बेट (साइट आपोआप बेट लावत राहते) लावून मार्टिंगेल खेळतोय, म्हणजे हरला की बेट दुप्पट आणि जिंकला की परत पहिल्या बेटवर, बेस बेट १ रुपयाएवढी, खात्यात साधारण ८,२०० रुपयांचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो), रोज ३०० सुटले की बंद करतो, ते ३०० बाजूला काढतो आणि आजवर एकदाही बुडालेला नाही. आता तो म्हणतोय तुझेही ८,२०० यात घाल, दोघांचे मिळून १४ स्टेप्स, म्हणजे ओळीने १४ दुप्पट होत जाणाऱ्या बेट्स, बसतात, सलग १४ वेळा कोण हरतं? शिवाय तू विचारलंयस की मार्टिंगेल, फिबोनाची, उलटं मार्टिंगेल यातली बेस्ट कुठली आणि सीड, म्हणजे ज्यातून साइट आकडे काढते तो कोड, सारखा बदलला तर फरक पडतो का.

मी विमा क्षेत्रात रिस्क मॉडेलिंग करतो, बरीच वर्षं झाली, ऑफिस हिंजवडीला. आमचं रोजचं कामच हे की किमतीत आपल्या बाजूला किती टक्के ठेवले म्हणजे लाखो पॉलिसींच्या गर्दीत कंपनी आरामात तरते. त्यामुळे असा कुठलाही खेळ समोर आला की मी तो आधी हाउसच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बसून बघतो, आणि तिथून बघितलं की तुझ्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. उत्तर लांब आहे पण पूर्ण वाच, कारण पैसे द्यायचे की नाही हे तुला याच आठवड्यात ठरवायचंय.

बहुतेक डाइस साइट्सवर रोल, म्हणजे दर बेटला निघणारा आकडा, ०.०० ते ९९.९९ मधे पडतो, म्हणजे एकूण १०,००० आकडे. तू "४९.५० च्या खाली" लावलंस तर जिंकवणारे आकडे ४,९५० आणि हरवणारे ५,०५०, आणि जिंकलास तर दुप्पट. मल्टिप्लायरचं सूत्र जवळपास सगळीकडे एकच, ९९ भागिले जिंकायची टक्केवारी. १० टक्क्यांवर लावलंस तर ९.९ पट, ९० टक्क्यांवर १.१ पट, ०.०१ टक्क्यावर ९,९०० पट. त्या सूत्रात ९९ च्या जागी १०० असते तर खेळ बरोबरीचा झाला असता. तो जो एक कमी आहे तोच हाउसचा धंदा. स्लायडर कुठेही सरकव, लावलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरी १ पैसा तुझ्याकडून तिकडे जातो.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक बेटचा सरासरी तोटा त्या बेटच्या १ टक्का, आणि सगळ्या बेट्सचा मिळून सरासरी तोटा म्हणजे या छोट्या तोट्यांची बेरीज. बेट कधी वाढवली, कधी कमी केली, कुठल्या क्रमाने लावली, याने तो १ टक्का बदलत नाही, बदलते ती फक्त एकूण उलाढाल. रिक्षा कर्वे रोडने ने नाहीतर लॉ कॉलेज रोडने, मीटर किलोमीटरवर पडतं, तसं इथे मीटर लावलेल्या रुपयांवर पडतं. स्ट्रॅटेजीने तोट्याचा आकार बदलता येतो, म्हणजे रोज थोडा थोडा जायचा की बरेच दिवस काहीच नाही आणि मग एकदम सगळा. तोटा कमी करायचा तर कमी लावणं हा एकच रस्ता आहे, मी गणित कितीही बाजूंनी तपासलं तरी दुसरा निघत नाही.

मार्टिंगेलची शिडी एकदा नीट लिहून बघ, खरंच कागदावर लिही. १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, २०४८, ४०९६. या १३ स्टेप्स आणि बेरीज ८,१९१, म्हणून रूममेटचे ८,२०० बरोबर १३ स्टेप्सना पुरतात. आता शेवटच्या पायरीवर उभा राहा. ४,०९५ रुपये आधीच गेलेत, समोर ४,०९६ ची बेट आहे आणि ती जिंकली तर हातात काय येणार, तर निव्वळ १ रुपया. आणि त्या क्षणीसुद्धा हरायची शक्यता ५०.५ टक्केच आहे, मागचे १२ हरले म्हणून तुझ्यावर कोणी मेहेरबान होत नाही. सुरुवातीला "१ रुपयाने खेळतोय" असं वाटतं पण ही खरी बेट नाही. एका फेरीत, म्हणजे बेसपासून जिंकेपर्यंत किंवा बुडेपर्यंत, सरासरी १३.८१ रुपये लावले जातात. एका रोलला सरासरी ६.८४ पडतात. म्हणजे रूममेट १ रुपयावाला खेळाडू नाही, तो जवळजवळ ७ रुपयांची सपाट बेट लावणाराच आहे, फक्त ते स्क्रीनवर दिसत नाही.

सलग १३ हरायची शक्यता ०.५०५ चा तेरावा घात, साधारण ७,२०० फेऱ्यांत एकदा. ऐकायला लांबची वाटते ना? पण रोज ३०० रुपये म्हणजे रोज ३०० फेऱ्या, कारण एका फेरीत १ च रुपया सुटतो. ३०० फेऱ्यांत बुडायची शक्यता ४ टक्क्यांच्या थोडी वर, दर दिवशी, नव्याने. २१ दिवस न बुडता निघायची शक्यता ४२ टक्के. म्हणजे तुझ्या रूममेटसारखी १०० मुलं असतील तर ३ आठवड्यांनी त्यातली ४२ आजही "एकदाही बुडलो नाही भावा" म्हणत स्क्रीनशॉट पाठवतायत आणि ५८ जण ग्रुपवर गप्प आहेत. तुला ४२ च दिसतात. त्याने काही खोटं सांगितलेलं नाही, तो खरंच ६,३०० रुपये वर आहे, पण यावरून त्याची पद्धत चालते हे सिद्ध होत नाही, हे नाणं काट्यावर पडण्यापेक्षा जरासंच जास्त नवलाचं आहे. हिशेबाने त्याची प्रत्येक फेरी सरासरी १३.८ पैसे तोट्यात आहे, म्हणजे दिवसाला ४१ रुपये. खात्यात रोज +३०० दिसतात आणि ८,१९१ चं बिल नंतर एकदम येतं.

१४ स्टेप्सचं काय, तर हा मुद्दा तुझ्यासाठी सगळ्यात कामाचा म्हणून जरा थांबून बघू. दोघांचे मिळून १६,४०० होतील, १४ स्टेप्सना लागतात १६,३८३. बुडायची शक्यता दर फेरीला साधारण निम्मी होते, सुमारे १४,२५० त एकदा, हे खरं. पण बुडाल तेव्हा जाणारी रक्कमही दुप्पट. आणि प्रत्येक फेरीत सरासरी लावलेली रक्कम वाढते म्हणून फेरीमागचा सरासरी तोटा १३.८ पैशांवरून १४.९ पैशांवर जातो. आता दुसऱ्या बाजूने मोज. १३ स्टेप्सने ८,१९१ चे दुप्पट करायचे तर तितक्याच फेऱ्या एकदाही न बुडता काढाव्या लागतात, त्याची शक्यता ३२.० टक्के. १४ स्टेप्सने १६,३८३ चे दुप्पट करायची शक्यता ३१.७ टक्के. म्हणजे पैसे एकत्र करून तुमची अवस्था किंचित खालीच गेली. १५, १६, २० कितीही स्टेप्स कर, हा आकडा हळूहळू घसरतच राहतो. "अजून एक स्टेप असती तर वाचलो असतो" हे बुडालेला प्रत्येक जण म्हणतो आणि ते दर वेळी खरंही असतं, पण ती पायरी विकत घ्यायला लागणारे पैसे कोणी धरत नाही.

याच्या शेजारी अजून एक आकडा ठेवतो. तेच ८,१९१ एकाच रोलवर, एकदाच, दुप्पटवर लावले तर दुप्पट व्हायची शक्यता ४९.५ टक्के. मार्टिंगेलपेक्षा कितीतरी जास्त. का, तर मीटर एकदाच पडलं, उलाढाल ८,१९१ च झाली, मार्टिंगेलने तिथे पोचायला लाखाच्या आसपास उलाढाल करावी लागते. आणि १ रुपयाच्या सपाट बेटने सावकाश दुप्पट करायला गेलास तर शक्यता इतकी बारीक की दशांश चिन्हानंतर सत्तरावर शून्यं लिहावी लागतील. लोकांना छोटी बेट सेफ वाटते. एका रोलपुरती ती आहेच, पण तोट्याच्या खेळात "वर जाईपर्यंत खेळत राहीन" असं ठरवलंस तर छोटी बेट सगळ्यात वाईट. एकदाच सगळे लाव असा सल्ला मी अजिबात देत नाहीये, निम्म्याहून जास्त वेळा ते शून्य होतील. शिडीपेक्षा नुसती उडी बरी निघते, यावरून त्या शिडीची किंमत काय ते कळावं एवढ्यासाठी सांगितलं.

फिबोनाची, दालंबेअर, लाबुशेअर, पारोली या बेट कधी वाढवायची-कमी करायची याच्या पद्धती, सगळ्यांची गोष्ट एकच, वेगवेगळ्या बेट्सची बेरीज आणि त्यावर १ टक्का. दालंबेअरच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत हरल्यावर एक युनिट वाढवायचं आणि जिंकल्यावर एक कमी करायचं, मागचा विचार असा की हार-जीत शेवटी बरोबरीत येते. हा दालंबेअर अठराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती, पण १७५४ साली त्याने असं मांडलं होतं की दोनदा नाणं उडवलं तर निदान एकदा छापा यायची शक्यता २/३, खरी आहे ३/४. एवढ्या बुद्धीच्या माणसाची शक्यतेच्या बाबतीत गल्लत होऊ शकते तर रात्री दोनला मोबाईलवर बोटं चालवणाऱ्याची होणारच. उलटं मार्टिंगेल म्हणजे जिंकल्यावर दुप्पट, त्यात आकार उलटा होतो, सारखे छोटे तोटे आणि क्वचित मोठी जीत. निदान ते एका झटक्यात सगळं खात नाही. ९,९०० पटवाली बेटही तशीच, १०,००० रोल केलेस तरी एकदाही न लागायची शक्यता ३७ टक्के.

तू लिहिलंयस की रूममेट ७ लाल (म्हणजे हरलेले रोल) सलग आले की मगच मोठी बेट सुरू करतो. याने फक्त एक होतं, तो कमी वेळा लावतो, आणि तेवढ्यापुरता फायदा खरा आहे. पण आठवा रोल हिरवा यायची शक्यता त्याने तसूभर वाढत नाही, आणि का वाढत नाही ते सीडच्या प्रश्नातच आहे म्हणून तेही आत्ताच घेतो.

प्रोव्हेब्ली फेअर, म्हणजे रोलमधे फेरफार झाला नाही हे स्वतः तपासता येणं, ही कल्पना मला मनापासून आवडते. साइट आधी एक सर्व्हर सीड बनवते आणि त्याचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्या सीडचा जणू बोटाचा ठसा, तुला दाखवते, तू तुझा क्लायंट सीड टाकतोस आणि प्रत्येक रोलला एक क्रमांक असतो, ०, १, २ असा चढत जाणारा, त्याला नॉन्स म्हणतात. तिन्ही मिळून एचमॅक नावाच्या सूत्रातून एक लांबलचक हेक्स (१६ चिन्हांत लिहिलेला) आकडा निघतो. नेहमीच्या जुन्या पद्धतीत त्याची पहिली पाच अक्षरं घेतात, त्याचा दशमान आकडा करतात, समजा ६७१३३८ आला, तर शेवटचे चार आकडे १३३८, म्हणून रोल १३.३८. पाच हेक्स अक्षरांतून १०,४८,५७६ वेगवेगळे आकडे निघू शकतात, ते १०,००० ने पूर्ण भागत नाहीत, म्हणून ९,९९,९९९ च्या वरचा आला तर तो टाकून पुढची पाच अक्षरं घेतात, नाहीतर ८५.७५ पर्यंतचे रोल किंचित जास्त वेळा आले असते. इतकं बारकाईने केलेलं आहे ते. नंतर तू सीड बदललास की जुना सर्व्हर सीड उघड होतो आणि प्रत्येक रोल स्वतः तपासता येतो.

आता यातून दोन गोष्टी बघ. एक, आठव्या रोलचा आकडा सीड आणि नॉन्समधून निघतो, मागचे सात लाल होते की हिरवे हे त्या सूत्रात कुठेच नाही. दोन, सीड बदलल्याने नवीन आकड्यांची रांग मिळते, आधीच्याइतकीच अनोळखी, चांगली किंवा वाईट नाही. सीड बदलायचा तो तपासण्यासाठी. आणि तपासून सगळं बरोबर निघालं तर एवढंच कळतं की रोलमधे फेरफार झाला नाही. ५,०५० आकडे तुझ्या विरुद्ध आहेत हे तर त्यांनी पहिल्या दिवसापासून उघड सांगितलंय. विथड्रॉवल अडकवलं, अचानक केवायसी मागितली, खातं बंद केलं, याची हमी कुठलाही हॅश देत नाही.

हा धंदा कसा चालतो तेही बघण्यासारखं आहे. सातोशीडाइस ही बिटकॉइनवरची डाइस साइट, २०१२ मधे एरिक वूरहीसने ते सुरू केलं आणि जुलै २०१३ मधे १,२६,३१५ बिटकॉइनला विकलं, तेव्हाच्या भावाने सव्वा कोटी डॉलरच्या जरा खाली. दर बेटमागे एक-दोन टक्के एवढ्याच जोरावर. आणि हाउस स्वतः मार्टिंगेल वगैरे काही करत नाही, हाउस जास्तीत जास्त बेटची मर्यादा घालतं. बेल लॅब्सच्या जॉन केलीने १९५६ मधे सूत्र दिलं की आपल्या बाजूला फायदा असेल तर भांडवलाचा कितवा भाग लावावा. दुप्पटच्या बेटवर हाउसचं उत्तर येतं सुमारे १ टक्का. तुझ्या बाजूने तेच सूत्र लाव, ०.४९५ वजा ०.५०५, उत्तर उणे १ टक्का. उणे म्हणजे लावू नको. बेट साइझिंगवर मला माहीत असलेलं सगळ्यात भक्कम सूत्र तुझ्या प्रश्नाला हे उत्तर देतं.

ऑटो-बेटच्या वेगाबद्दल एकच हिशेब. सेकंदाला ३ रोल म्हणजे तासाला १०,८००. १० रुपयांच्या सपाट बेटने तासाला १,०८,००० ची उलाढाल आणि सरासरी १,०८० रुपये खर्च. १ टक्का ऐकायला छोटा वाटतो तो या वेगामुळे छोटा राहत नाही. बोनसचंही असंच, समजा १,००० चा बोनस आणि ४० पट वेजरिंग, म्हणजे ४०,००० लावायचे, तोटा ४००, वाटतं ६०० सुटले. मग अटी वाचायच्या. डाइससारख्या कमी एजच्या (हाउसचा टक्का कमी असलेल्या) खेळाचे बऱ्याचदा १०० पैकी १० च धरतात, तसं असेल तर लावायचे ४ लाख आणि सरासरी तोटा ४,०००.

कायद्याचं तू विचारलं नाहीस पण सांगायलाच हवं. ऑगस्ट २०२५ मधे संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणं, त्यांची जाहिरात करणं, त्यांचे पैसे फिरवणं यावर त्यात बंदी आहे, चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण जाहिरातीला २ वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून रूममेटला सांग की कॉलेजच्या ग्रुपवर रेफरल लिंक टाकत असशील तर आज बंद कर. शिवाय परदेशातल्या साइटने पैसे दाबले तर दाद कुठे मागणार? जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के टॅक्स आणि वर सेस, क्रिप्टो विकताना १ टक्का टीडीएस वेगळा, आणि क्रिप्टोतला तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. आणि पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, यूएसडीटी विकताना समोरून येणारे रुपये कुठल्या फसवणुकीतले निघाले तर बँक तुझं खातं गोठवते. माझ्या ओळखीतला एक मुलगा यात अडकला, फीचे पैसे त्याच खात्यात होते आणि दुसऱ्या राज्यातल्या सायबर सेलशी पत्रव्यवहार करत बसला. ते बघितल्यापासून मला या भागाची जास्त काळजी वाटते, डाइसपेक्षाही.

तर तुझे ८,२०० देऊ नकोस. रूममेटला म्हणाव की आज वर आहेस तर सगळं काढून घे, विथड्रॉवल खरंच येतं का तेही कळेल. तो एकदा बुडाला आणि मग बेस ५ रुपये करून भरून काढायला लागला, किंवा उधार मागायला लागला, तर त्याच्याशी वाद घालत बसू नकोस, १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, मराठीत बोलता येतं, आणि येरवड्याला मुक्तांगण आहे, १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतायत, तिथे चौकशी कर.

आणि तुला यातल्या गणिताचीच खरी ओढ असेल, मला वाटतं तशी आहे, तर पायथनमधे वीसेक ओळी लिही. बॅलन्स ८,१९१, बेस १, शक्यता ०.४९५, हरला की दुप्पट, बॅलन्स १६,३८२ झाला की थांब, बेट परवडली नाही की बुडाला. दुप्पटपर्यंत पोचणाऱ्या खेळाडूला साधारण साडेसोळा हजार रोल लागतात, असे १०,००० खेळाडू चालव. ३,२०० च्या आसपास पोचतील. मग स्टेप्स १० करून बघ, १६ करून बघ, आणि प्रत्येकाने एकूण किती लावले आणि सरासरी किती गेले त्याचा भागाकार काढ, दर वेळी ०.०१ च्या जवळ यायला हवा. नाही आला तर कोडमधे चूक आहे, मला पाठव, बघतो.